समुद्र सहाशे किलोमीटर दूर. वादळ मात्र परभणीच्या दारात

परभणी, प्रतिनिधी :

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ घोंघावू लागले, की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर विशाखापट्टणम, मच्छलीपट्टणम, पुरी अशी नावे झळकू लागतात. उसळत्या लाटा, वाकलेली नारळाची झाडे, किनाऱ्यावरून हलविले जाणारे मच्छीमार अशी दृश्ये दिसतात. वादळ किनाऱ्याला धडकते आणि दुसऱ्या दिवशी 'वादळाचा जोर ओसरला' अशी बातमी येते. मराठवाड्यातला वाचक ती वाचून निश्चिंत होतो. परभणीपासून आंध्रचा सर्वांत जवळचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर दूर आहे आणि मुंबईचा समुद्रही चारशे किलोमीटरवर. एवढ्या अंतरावरचे वादळ आपले काय बिघडवणार, असा हा हिशेब असतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये या हिशेबातली चूक मराठवाड्याला महागात पडली. 'गुलाब' हे चक्रीवादळ २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी उत्तर आंध्रातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकले. हे ठिकाण परभणीपासून पाऊणशे कोसांवर नव्हे, तर तब्बल पावणेआठशे किलोमीटरांवर आहे. जमिनीवर येताच वारा मंदावला आणि वादळाचे 'गुलाब' हे नावही बातम्यांतून मागे पडले. त्यानंतर दीड-दोन दिवसांनी, २७ आणि २८ सप्टेंबरला, त्याच वादळाच्या अवशेषाने मराठवाड्यात अतिवृष्टी केली. मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. उमरखेडजवळ दहागाव येथे पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात एसटीची बस वाहून गेली. मराठवाड्यात काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजले.

मराठवाड्याला वादळ भेटते ते पावसाच्या रूपाने, नाव गमावल्यानंतर आणि वर्षातल्या सर्वांत अडचणीच्या वेळी. ही गोष्ट नीट समजून घेतली, तर हा धोका ओळखणे आणि त्याच्यासोबत राहणे फारसे अवघड नाही.

वारा मरतो, पाऊस उरतो

चक्रीवादळ हे उष्णतेवर चालणारे यंत्र आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर असले, की पाण्याची भरपूर वाफ होते. ती वर जाऊन थंड होते, ढग बनतात आणि वाफेत साठलेली उष्णता बाहेर पडते. ही उष्णता वादळाचे इंधन. वादळ जमिनीवर आले, की इंधनाचा हा पुरवठा तुटतो. त्यातच डोंगर, झाडे, इमारती यांच्याशी होणाऱ्या घर्षणाने वारा अडतो. त्यामुळे काही तासांतच वाऱ्याचा वेग झपाट्याने उतरू लागतो.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी १२० किलोमीटरचा वारा ६० वर आला, तर त्याचा दाब निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. म्हणून वाऱ्याने होणारी पडझड किनाऱ्यापासून आत येताना भराभर कमी होते.

पावसाचे गणित निराळे आहे. वादळाने समुद्रावरून उचललेली आर्द्रता वारा मंदावला म्हणून नाहीशी होत नाही. कमी दाबाचे केंद्र टिकून असेपर्यंत आजूबाजूची दमट हवा त्याच्याकडे ओढली जात राहते. उलट केंद्राची वाटचाल मंदावली, तर तेवढा पाऊस एकाच भागावर अधिक वेळ कोसळत राहतो. ज्याचा वारा छत्रीही उलटवू शकत नाही, असे विरलेले वादळ एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पाऊस पाडू शकते, ते यामुळेच.

या हिशेबाने नुकसानीचे तीन पट्टे पडतात. पहिला पट्टा समुद्राच्या उधाणाचा. तो बहुधा किनाऱ्यालगतच्या काही किलोमीटरांपुरता असतो, सखल त्रिभुज प्रदेशात मात्र आणखी आत जातो. दुसरा विध्वंसक वाऱ्याचा, साधारण शंभर-दीडशे किलोमीटर आतपर्यंतचा. तिसरा पावसाचा आणि पुराचा. याची हद्द किनाऱ्यापासून पाचशे, सातशे, प्रसंगी हजार किलोमीटरपर्यंत जाते. परभणी जिल्हा या तिसऱ्या पट्ट्यात येतो.

पूर्वेचा दरवाजा उघडा

अरबी समुद्र जवळ असूनही परभणीला धोका अधिक दूरच्या बंगालच्या उपसागराकडून का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर संख्येत आहे. उत्तर हिंदी महासागरातील वादळांत परंपरेने बंगालच्या उपसागराचा वाटा अरबी समुद्राच्या सुमारे चौपट राहिला आहे. दुसरे उत्तर दिशेत आहे. अरबी समुद्रातील वादळे बहुतांशी ओमान-येमेनकडे किंवा वळसा घेऊन गुजरातकडे जातात. मे २०२१ मधील 'तौक्ते' कोकणाला झोडपत पुढे गेले आणि १७ मे रोजी गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले.

तिसरे उत्तर भूगोलात आहे. 'निसर्ग' चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन परिसरात धडकले. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांतील नारळी-पोफळीच्या बागा त्याने भुईसपाट केल्या. घाट ओलांडून त्याने पुणे जिल्ह्यातही झाडे, विजेचे खांब आणि शेतातील हरितगृहे पाडली. मात्र सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून ते रात्रीपर्यंत बरेच क्षीण झाले होते. पश्चिमेकडून येणाऱ्या वादळाला ही भिंत आडवी येते.

पूर्वेकडे अशी सलग भिंत नाही. पूर्व घाट तुटक आहेत आणि गोदावरीने त्यांतून आपली वाट कोरलेली आहे. आंध्रचा किनारा ओलांडला, की तेलंगण, नांदेड, परभणी असे पठार हळूहळू चढत येते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उपसागरातील प्रणालींना वरच्या थरातील पूर्वेकडचे वारे अनेकदा पश्चिम-वायव्येकडे ढकलतात, म्हणजे थेट मराठवाड्याच्या दिशेने. 'गुलाब'चा अवशेष याच वाटेने महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरला. तिथे पुन्हा बळावून 'शाहीन' या नव्या नावाने ३ ऑक्टोबरला ओमानवर धडकला. सारे पठार ओलांडूनही त्याच्यात वादळ होण्याइतकी धुगधुगी शिल्लक होती.

हा अनुभव नवा नाही

हैदराबादेत मुसी नदीला २८ सप्टेंबर १९०८ रोजी महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. उपसागरावरून आलेल्या वादळी प्रणालीच्या पावसाचा तो परिणाम होता. किनारा तिथून तीनशे किलोमीटर दूर. परभणी त्या काळी निजामाच्या त्याच राज्यातील एक जिल्हा होती. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने हैदराबादच्या वर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. हैदराबादचे आजचे हे दोन्ही तलाव पुराला अडविण्याच्या गरजेतून जन्मले आहेत.

अलीकडचे प्रसंग एकापाठोपाठ एक आले. ऑक्टोबर २०२० मध्ये एक प्रणाली १३ तारखेच्या पहाटे काकीनाडाजवळ किनारा ओलांडून आली. तिचा वाऱ्याचा वेग चक्रीवादळाच्या व्याख्येत बसत नव्हता, म्हणून तिला नावही मिळाले नाही. या निनावी प्रणालीने हैदराबाद बुडविले, उत्तर कर्नाटकात पूर आणला, सोलापूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत पिके वाहून नेली, पंढरपुरात भीमेचे पाणी शहरात शिरले. त्या महिन्यात राज्य सरकारला दहा हजार कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली. पुढच्या वर्षी 'गुलाब' आले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा दहा हजार कोटींचीच घोषणा झाली.

२०२४ मध्ये ३१ ऑगस्टच्या रात्री आणखी एक निनावी प्रणाली कलिंगपट्टणमजवळच जमिनीवर आली. विजयवाडा आणि खम्मम बुडाले. १ आणि २ सप्टेंबरला परभणी, हिंगोली, नांदेड जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये उपसागराकडून येणाऱ्या प्रणालींनी मराठवाड्याला महिनाभर उसंत दिली नाही. महिनाअखेरीस जायकवाडीतून गोदापात्रात तीन लाख क्युसेकच्या घरात विसर्ग करावा लागला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो.

पाणी दोनदा येते

परभणीच्या धोक्याचे एक वैशिष्ट्य नकाशा पाहिल्यावरच ध्यानात येते. दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. गोदावरी, पूर्णा, दुधना सगळ्या पूर्वेकडे वाहतात. उपसागरातून येणारे वादळ मात्र पश्चिमेकडे जाते, म्हणजे नदीच्या प्रवाहाविरुद्ध. पाऊस आधी नांदेड-परभणीवर पडतो आणि मग बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरकडे सरकतो.

परिणामी जिल्ह्याला पाणी दोनदा भेटते. पहिल्यांदा आभाळातून. ओढे भरतात, लेंडी-गळाटीसारख्या छोट्या नद्या पूल ओलांडतात, पालम तालुक्यातील गावांचा संपर्क तुटतो. पाऊस थांबतो, ऊन पडते, लोक सुटकेचा श्वास सोडतात. तेवढ्यात वरच्या भागात पडलेले पाणी परतीच्या वाटेला लागलेले असते. जायकवाडी, माजलगाव, निम्न दुधना, येलदरी ही धरणे वरून भरत येतात आणि विसर्ग सुरू होतो. गंगथडीच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांना दुसरा तडाखा स्वच्छ आभाळाखाली बसतो.

त्यात भर म्हणजे नद्यांचे तुंबणे. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. गोदावरी फुगलेली असेल, तर पूर्णेचे पाणी तिच्यात सामावत नाही, ते मागे फुगवटा धरते आणि तो फुगवटा ओढ्या-नाल्यांतून शेतात शिरतो. जिथे पाऊसच पडला नाही, तिथे पूर कसा आला, याचे कोडे इथे उलगडते. गावोगाव या पावसाला सरसकट 'ढगफुटी' म्हटले जाते. ढगफुटी म्हणजे लहानशा टापूत तासाभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस. तिचा अंदाज देणे फार कठीण असते. वादळाच्या अवशेषाचा पाऊस एकाच वेळी अनेक जिल्हे व्यापतो आणि त्याची चाहूल एक-दोन दिवस आधी लागते. दोन्हींना एकच नाव दिले, की हाती असलेली पूर्वसूचनाही निसटून जाते.

काळी माती, पिकले सोयाबीन, मातीची घरे

शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे नेमके किती पाणी? एका हेक्टरवर दहा लाख लिटर. परभणी जिल्ह्याचे क्षेत्र सहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. जिल्हाभर सरसकट शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे सहाशे दशलक्ष घनमीटर पाणी पडते. येलदरी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे या धरणाचा तीन चतुर्थांश भाग भरेल एवढे पाणी एका दिवसात जिल्ह्यावर ओतले जाते.

जूनमध्ये हे पाणी भेगाळलेली काळी जमीन घटाघटा पिते. सप्टेंबरअखेर परिस्थिती पालटलेली असते. ओली काळी माती फुगते, भेगा बुजतात आणि पाणी आत मुरण्याचा वेग अत्यंत कमी होतो. पाणी शेतात उभे राहते, मुळांना हवा मिळत नाही, कपाशी आणि तूर पिवळी पडून उन्मळते. सोयाबीनची गत याहून वाईट. ते नेमके सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात काढणीला येते. उभ्या पिकाच्या शेंगांत दाण्यांना कोंब फुटतात. कापून ठेवलेल्या पिकाच्या गंजीत खालून पाणी शिरते आणि आतून वाफ धरून दाणा काळा पडतो. ओला माल बाजारात नेला, तर आर्द्रतेचे कारण सांगून भाव पाडला जातो. चार महिन्यांचा खर्च झालेला असतो, पैसा हाती येण्याला आठवडा उरलेला असतो, आणि तो आठवडाच पाण्यात जातो.

घरांचीही एक वेगळी गोष्ट आहे. मराठवाड्यात अजूनही माळवदाची, मातीच्या भिंतींची जुनी घरे आहेत. उन्हाळ्यात ती थंड राहतात, परंतु सलग दोन-तीन दिवस भिजल्यावर छताच्या मातीचे वजन वाढते आणि भिंती मऊ पडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड छतांनी काय केले, ते या प्रदेशाने पाहिले आहे. मुसळधार पावसात तेच छत रात्री झोपेत कोसळते. वाऱ्याने पत्रे उडण्याच्या बातम्या येतात, माळवद खचण्याच्या घटना मात्र आतल्या पानावरच्या दोन ओळींत संपतात.

धरणांचा पेच

या साऱ्याच्या मुळाशी मराठवाड्याची एक खोल अडचण आहे. हा प्रदेश दुष्काळाच्या भीतीने घडलेला आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या टंचाईत परभणीतही पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे आदेश काढावे लागले होते. साहजिकच सप्टेंबरअखेर धरण काठोकाठ भरलेले पाहण्यात इथल्या माणसाला सुरक्षितता वाटते. जायकवाडी शंभर टक्के भरल्याची बातमी ही इथे आनंदवार्ता असते.

परंतु काठोकाठ भरलेल्या धरणात पुराला जागा नसते. आलेले पाणी तसेच पुढे सोडण्यावाचून अभियंत्यापुढे पर्याय उरत नाही. आधी पाणी सोडून जागा करावी आणि वादळ दुसरीकडे वळले, तर पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचा हिशेब कोण देणार? पाणी राखून ठेवावे आणि वादळ आले, तर खालच्या गावांना काय सांगणार? हा निर्णय दरवर्षी काही माणसांना काही तासांत घ्यावा लागतो. म्हणून किनाऱ्यावरच्या वादळाची बातमी ही गोदावरीच्या धरणांसाठी सर्वांत मौल्यवान माहिती आहे. उपसागरातील प्रणाली किनारा ओलांडत असताना पावसाचा अंदाज पाहून टप्प्याटप्प्याने विसर्ग वाढविला, तर तोच पूर एका रात्रीत येण्याऐवजी दोन दिवसांत विभागून जातो. नदीकाठच्या माणसाला या फरकात जनावरे सोडवून उंचावर नेण्याइतका वेळ मिळतो.

जगाचा धडा

समुद्रापासूनचे अंतर म्हणजे संरक्षण, हा समज जगभर अनेकदा खोटा ठरला आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये 'कमिल' हे वादळ मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर धडकले. दोन-तीन दिवसांनी ते संपले असे वाटत असताना दूर व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात त्याने एका रात्रीत सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाडला. चीनमध्ये ऑगस्ट १९७५ मध्ये 'निना' वादळाचा अवशेष किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, हेनान प्रांतावर रेंगाळला. त्या पावसात बानचियाव धरण फुटले आणि हजारो लोकांचा बळी गेला.

सप्टेंबर २०२४ मधील 'हेलेन'चे उदाहरण तर परभणीसाठी आरसाच आहे. हे वादळ २६ सप्टेंबरच्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले. सर्वाधिक हाहाकार मात्र तिथून सुमारे सहाशे किलोमीटर आत, उत्तर कॅरोलायनातील अ‍ॅशव्हिल शहराच्या परिसरात झाला. त्या एका राज्यात शंभरांहून अधिक माणसे दगावली. समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशीत असलेले हे शहर हवामानबदलाच्या काळात सुरक्षित मानले जात होते. आंध्रच्या किनाऱ्यापासून परभणीचे अंतर जवळपास तेवढेच आहे.

शास्त्रज्ञांनी याविषयी आणखी एक इशारा दिला आहे. जपानमधील ओकिनावा येथील संस्थेतील लिन ली आणि पिनाकी चक्रवर्ती यांनी २०२० मध्ये उत्तर अटलांटिकमधील वादळांचा अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात मांडला. १९६० च्या दशकात किनाऱ्याला धडकलेले वादळ पहिल्या दिवसात सुमारे ७५ टक्के ताकद गमावत असे. अलीकडच्या वादळांत हे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवर आले आहे. समुद्र तापल्याने वादळ अधिक वाफेची शिदोरी घेऊन जमिनीवर येते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. हा निष्कर्ष अटलांटिकचा आहे, तो जसाच्या तसा भारताला लावता येणार नाही. तथापि तापलेला समुद्र आणि वाफेची शिदोरी यांचे नाते सगळीकडे सारखेच आहे.

इशारा कसा वाचावा?

भारतीय हवामान विभाग प्रणालींचे वर्गीकरण वाऱ्याच्या वेगावर करतो. ताशी ३१ किलोमीटरच्या आत असेल, तर कमी दाबाचे क्षेत्र. ३१ ते ४९ डिप्रेशन. ५० ते ६१ तीव्र डिप्रेशन. ६२ ते ८८ चक्रीवादळ. त्यापुढे तीव्र, अतितीव्र अशा पायऱ्या. नाव मिळते ते ६२ च्या पुढे. ही पट्टी समुद्रावरील जहाजांसाठी आणि किनाऱ्यासाठी योग्य आहे. पावसाचे प्रमाण मात्र तीत मोजले जात नाही. म्हणून 'चक्रीवादळाचे रूपांतर कमी दाबाच्या क्षेत्रात झाले' या वाक्याचा किनाऱ्यावरचा अर्थ 'संकट टळले' असा असला, तरी मराठवाड्यातला अर्थ 'आता पावसाची पाळी' असा असू शकतो.

हवामान विभागाची चक्रीवादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था चार टप्प्यांची आहे. पहिले तीन टप्पे किनाऱ्यासाठी असतात. चौथा टप्पा म्हणजे धडकेनंतरचा अंदाज. तो वादळ धडकण्याच्या किमान बारा तास आधी दिला जातो आणि वादळ जमिनीवर कोणत्या दिशेने सरकेल, आतल्या जिल्ह्यांत काय होईल, हे त्यात सांगितलेले असते. आतल्या जिल्ह्यांसाठी खास काढलेला हा इशारा बातम्यांत सर्वांत कमी जागा मिळवतो.

जिल्हानिहाय इशाऱ्याच्या रंगांचाही अर्थ ठाऊक हवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरपुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस मानला जातो. महसुली भाषेत मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला, की 'अतिवृष्टी'.

छत्तीस तासांचा हिशेब

'गुलाब'चा प्रवास पाहिला, तर किनाऱ्यावरील धडक आणि मराठवाड्यातील मुसळधार पाऊस यांत सुमारे छत्तीस तासांचे अंतर होते. प्रत्येक वादळ एवढा अवधी देईलच असे नाही, कारण दक्षिणेकडे मच्छलीपट्टणमजवळ आलेले वादळ अधिक लवकर पोहोचते. तरीही एक दिवस साधारणपणे हाती असतो आणि त्या दिवसात पुष्कळ काही करता येते.

शेतात कापून पडलेले सोयाबीन गोळा करून उंचवट्यावर गंज लावणे, खाली आणि वर ताडपत्री घालणे, ती दोरांनी आवळणे, हे पहिले काम. कापणी बाकी असेल आणि इशारा लाल असेल, तर कापणी लांबविणे बरे, कारण उभ्या पिकापेक्षा जमिनीवर पसरलेले पीक लवकर कुजते. शेताबाहेर पाणी काढणारे चर मोकळे करून ठेवावेत. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ रुंद वरंबा-सरी पद्धतीचा आग्रह धरते, त्यामागे पाण्याचा ताण आणि पाण्याचा निचरा या दोन्हींचा विचार आहे. विद्यापीठाचा हवामानावर आधारित कृषी सल्ला, 'मेघदूत' आणि विजेची सूचना देणारे 'दामिनी' ही अ‍ॅप मोबाइलवर विनामूल्य मिळतात. गंगथडीला मोटारी आणि पाइप काठावरून हलविणे, जनावरे उंचावर नेणे, माळवदाच्या घरातील माणसांनी दोन रात्री शाळेत किंवा पक्क्या घरात काढणे, या साध्या गोष्टींनी जीव वाचतात. पुलावरून पाणी वाहत असताना वाहन न घालणे, ही त्यांतली सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त मोडली जाणारी शिस्त. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

शहरवासीयांनाही यात वाटा आहे. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. प्लॉट घेताना रस्ता, पाणी, शाळा यांची चौकशी होते. तो या रेषांच्या आत आहे की बाहेर, ही चौकशी क्वचितच होते. परभणी शहरातील पिंगळगड नाल्यासारखे प्रवाह आठ महिने कोरडे किंवा गटारासारखे दिसतात, म्हणून ते बुजविण्याचा मोह होतो. नाल्याचे खरे रूप वर्षातल्या एखाद्या रात्रीच दिसते आणि बांधकामाचा नकाशा त्याच रात्रीसाठी तपासायला हवा.

विम्याची फट

नुकसान झाल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या केंद्रीय नियमांत काढणीपश्चात नुकसानीची तरतूद आहे. शेतात सुकण्यासाठी पसरलेल्या पिकाचे काढणीनंतर चौदा दिवसांत चक्रीवादळाने, चक्रीवादळामुळे आलेल्या किंवा अवकाळी पावसाने नुकसान झाले आणि ७२ तासांत कळविले, तर वैयक्तिक पंचनाम्यावर भरपाई मिळू शकते. 'चक्रीवादळामुळे आलेला पाऊस' असे शब्द त्यात स्पष्ट आहेत. किनाऱ्यापासून दूर असलेल्या शेतकऱ्याचे दुखणे नियमात इतक्या नेमकेपणाने क्वचितच उतरते. महाराष्ट्राने मात्र २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातील विमा बंद करताना ही आणि स्थानिक आपत्तीची अशी वाढीव संरक्षणे वगळली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातील मंडळनिहाय उत्पन्नाशी जोडली. त्यामुळे मंडळाची सरासरी बरी आली, तर नदीकाठच्या ज्याचे सारे शेत गेले, त्याच्या हाती विम्यातून काही लागत नाही. त्याच सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला आणि भार पुन्हा सरकारी मदतीवर आला.

पावसाच्या मोजणीतही अशीच फट आहे. 'महावेध' प्रकल्पात राज्यभर मंडळस्तरावर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, हे मोठेच पाऊल. परंतु एका मंडळात अनेक गावे असतात आणि केंद्र एकाच गावी. त्या गावी ६० मिलिमीटर आणि आठ किलोमीटरवर शंभर, असे सहज घडते.

दुष्काळाशी झगडण्याची रीत मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या कमावली आहे. कडबा कसा राखावा, विहिरीचे पाणी कसे पुरवावे, टँकरची मागणी केव्हा करावी, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. पूर्वेकडून येणाऱ्या पाण्यासाठी तशी रीत अद्याप बसलेली नाही. कलिंगपट्टणम किंवा काकीनाडा हे नाव बातमीत ऐकू आले, की गंगाखेडच्या शेतकऱ्याने ताडपत्री बाहेर काढावी, येलदरीच्या अभियंत्याने पाणीसाठ्याचा तक्ता पुढे ओढावा आणि परभणीच्या नगरवासीयाने नाल्याकडे एक नजर टाकावी, इतकी ही रीत साधी आहे. वादळ किनारा ओलांडून गेल्याची बातमी ज्या दिवशी इथे सुरुवातीची बातमी म्हणून वाचली जाईल, त्या दिवशी ती रीत बसली असे म्हणता येईल.